पैसे गेले, ऑर्डर रद्द, फोन हबमध्ये: दुसरी ऑर्डर रद्द करू का?

वाघोलीकर, तुमची अडचण मला समजली ती अशी. नव्या फोनची विक्री सुरू झाल्या झाल्या तुम्ही यूपीआयने ८२ हजारांच्या आसपास भरले. खात्यातून रक्कम गेली, साइटवर मात्र ‘पेमेंट पेंडिंग’ आणि तासाभराने ‘ऑर्डर रद्द’. फोन हातचा जाईल म्हणून लगेच क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर दुसरी ऑर्डर टाकली, ती लागली. आता तो फोन हबमध्ये, म्हणजे कुरिअरच्या जवळच्या वाटप केंद्रात, येऊन पडलाय आणि रोज संध्याकाळी ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा मेसेज येतोय, तुम्ही घरात बसलेले असताना. पैशांबद्दल कस्टमर केअर म्हणतं बँकेला विचारा, बँक म्हणते विक्रेत्याला विचारा. वैतागून तुम्ही विचारताय, दुसरीही ऑर्डर रद्द करून मोकळा होऊ का?

नका होऊ. फोन वाटेत असताना रद्द केलात, तर तो डबा गोदामात परत पोचून तिथे स्कॅन होईपर्यंत बहुतेक ठिकाणी रिफंड सुरूच होत नाही. म्हणजे एक रक्कम अडकलीय, दुसरी आपल्या हाताने अडकवाल. शिवाय ईएमआयची प्रोसेसिंग फी आणि त्यावरचा जीएसटी सहसा परत मिळत नाही, आणि बँकेची सवलत ‘एका कार्डावर एकदाच’ असली तर पुन्हा ऑर्डर करताना तीही गेलेली असते.

आता पहिल्या पैशांचं. ते या घडीला कुणाच्या ताब्यात आहेत हे कळल्याशिवाय कुणाशीही भांडू नका, नुसती टोलवाटोलवी होते. यूपीआय ॲपमध्ये तो व्यवहार उघडा. १२ आकडी यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराची ओळख, दिसेल, तो लिहून ठेवा, स्क्रीनशॉट घ्या. मग विक्रेत्याला चॅटवर एवढंच विचारा: या नंबरचं पेमेंट तुमच्याकडे जमा दिसतंय का, हो की नाही? फोनवर नको, चॅट किंवा ई-मेलवरच. लेखी उत्तर पुढे कामी येतं.

उत्तर ‘नाही’ आलं, तर हा फसलेला व्यवहार आणि जबाबदारी बँकेची. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक आहे. खात्यातून पैसे गेले पण दुकानदाराकडे पोचल्याची खूण आली नाही, तर यूपीआय असो वा ऑनलाइन कार्ड पेमेंट, व्यवहाराचा दिवस सोडून पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. हे दिवस कॅलेंडरचे, कामकाजाचे नव्हेत. उशीर झाला तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि ती ग्राहकाने न मागता द्यायची आहे. प्रत्यक्षात न मागता ती मिळाल्याचं मी तरी फारसं ऐकलेलं नाही. तेव्हा ॲपमधूनच त्या व्यवहारावर तक्रार नोंदवा, बँकेला मेल टाका आणि त्यात परिपत्रकाची तारीख घाला. तारीख बघितली की समोरचा माणूस ठरावीक उत्तर चिकटवायच्या आधी जरा थांबतो.

उत्तर ‘हो’ आलं, तर गोष्ट निराळी. पैसे पोचले, पण उशिरा. तुमची बँक, यूपीआय चालवणारी एनपीसीआय, विक्रेत्याची बँक, साइटसाठी पैसे स्वीकारणारा पेमेंट गेटवे आणि मग साइट, एवढ्या उंबरठ्यांवरून तो निरोप जातो. विक्रीच्या पहिल्या मिनिटाला सगळीकडेच झुंबड असते. तोवर ऑर्डरची मुदत संपली की साइट ती रद्द करते. बँकेच्या लेखी मात्र हा यशस्वी व्यवहार, त्यामुळे शंभर रुपयांचा नियम इथे लावून धरता येत नाही. हा रिफंड आणि तो विक्रेत्यानेच द्यायचा. ‘प्रोसेस केलाय सर, पाच ते सात वर्किंग डेज’ यावर समाधान मानू नका. रिफंडचा स्वतःचा रेफरन्स नंबर मागा. कार्डावर असेल तर त्याला एआरएन म्हणतात. तो हातात आला की बँक रक्कम शोधू शकते. नंबर द्यायला टाळाटाळ होत असेल तर बहुतेक वेळा रिफंड अजून निघालेलाच नसतो.

कार्टमध्ये टाकलं म्हणजे फोन राखून ठेवला असं अनेकांना वाटतं, तसं नसतं. साठा मोजका, बटण दाबणारे लाखो. ६ ऑक्टोबर २०१४ ला फ्लिपकार्टच्या पहिल्या ‘बिग बिलियन डे’ला साइट कोलमडली, लोकांच्या ऑर्डरी रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी संस्थापकांना ग्राहकांना मेल पाठवून माफी मागावी लागली. यंत्रणा तेव्हापेक्षा पुष्कळ सुधारल्यात, पण नवा फोन आला की पहिली दहा मिनिटं अजूनही रामभरोसेच.

एक सांगून ठेवतो, कारण अशा वेळी डोकं ठिकाणावर नसतं. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन करू नका, आणि समाजमाध्यमांवर ऑर्डर नंबर टाकून बोंब मारू नका. अर्ध्या तासात ‘रिफंड विभागातून बोलतोय’ असा ठगाचा फोन येतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. चुकून काही घडलंच, तर त्याच मिनिटाला १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.

आता डिलिव्हरी. माझा एक फोन असाच अडकला होता, तेव्हा शेवटी नगर रोडवरच्या हबवर गेलो. पत्र्याची शेड, जमिनीवर गोण्या, आणि कोपऱ्यात जाळीचा कुलूपबंद पिंजरा. महागडी पार्सलं त्यात, किल्ली एकाच माणसाकडे. ॲपवर ‘आउट फॉर डिलिव्हरी’ आणि माझा डबा त्या पिंजऱ्यात, समोर दिसतोय! तो माणूस सकाळी उशिरा आला की ती पार्सलं गाडीवर चढतच नाहीत. संध्याकाळी नोंद तर बंद करायची असते, मग ‘ग्राहक उपलब्ध नाही’ हे सगळ्यात सोपं बटण. शिवाय ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे दारातच डबा उघडून दाखवायचा, तर एका घरी पंधरा-वीस मिनिटं, आणि डिलिव्हरीच्या पोराला पैसे पार्सलमागे मिळतात. त्याच्यावर ओरडून उपयोग नाही, राग वरच्यांवर काढा.

म्हणून मेसेज आला की तासाभरात लेखी कळवा: मी घरी होतो, फोन आला नाही, सोबत कॉल लॉग. सोसायटीच्या गेटवर नोंदीचं ॲप असेल तर त्या दिवसाची यादीही जोडा. गेटवर कुणी आलंच नव्हतं हे त्यातून दिसतं, आणि याला त्यांच्याकडे उत्तर नसतं. हे मुद्दाम सांगतोय, कारण ठरावीक फेऱ्या झाल्या की पार्सल आपोआप परत निघतं. पत्ताही एकदा तपासा. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली तरी पिनकोड ४१२२०७ च आहे. पत्त्यात नुसतं ‘पुणे’ बघून कुणी ४११ ने सुरू होणारा पिन टाकला की पार्सल भलत्याच हबला. एकाच नावाच्या सोसायटीचे फेज असतील तर तेही लिहा. हबवरून स्वतः आणायला सगळे देत नाहीत, पण विचारायला काय जातं?

फोन दारात आला की ओटीपी लगेच देऊ नका. डबा डिलिव्हरीवाल्यासमोर उघडा, कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. फोन चालू करून *#०६# दाबा आणि दिसणारा १५ आकडी आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा ओळख क्रमांक, डब्यावरच्या आणि बिलावरच्या नंबरशी ताडून बघा. ओटीपी दिला की त्यांच्या लेखी सगळं ठीक पोचलं, मग डब्यात साबणाची वडी निघाली तरी सिद्ध तुम्ही करायचं. वॉचमनकडे ठेवायला तर अजिबात सांगू नका. जुना फोन एक्स्चेंजला देत असाल तर आदल्या रात्रीच बॅकअप घेऊन त्यातलं खातं काढून ठेवा. दारात पासवर्ड आठवत बसलात की तो निघून जातो.

तरीही भिजत घोंगडं राहिलं, तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लिहा. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावाच लागतो, त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. माझ्या अनुभवात इथेच बरीचशी प्रकरणं सुटतात. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तक्रार ऑनलाइन करता येते. ग्राहक आयोगापर्यंत जायची वेळ सहसा येत नाही, पण आलीच तर तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात जाता येतं, विक्रेता कुठल्या का गावचा असेना.

ज्यांना हे सगळं नकोच, त्यांना पुण्यात आता दुकानाचा पर्याय बरा आहे. ॲपलवाल्यांसाठी कोरेगाव पार्कात सप्टेंबर २०२५ पासून कंपनीचं स्वतःचं स्टोअर आहे. त्याच महिन्यात १९ तारखेला आयफोन १७ ची विक्री सुरू झाली, ऐन पितृपक्षात. आमच्या नात्यातल्या एका काकूंनी डबा घटस्थापनेपर्यंत फोडू दिला नव्हता. तुमचा पितृपक्ष नसेल तर उघडा बिनधास्त.

तर आता विक्रेत्याला तो हो-नाहीचा प्रश्न विचारा आणि काय उत्तर येतं ते इथे लिहा. यूटीआर नंबर मात्र इथे टाकू नका. बँकेला द्यायच्या मेलचा मसुदा हवा असेल तर करून देतो.