सॅन होझेचे आयक्लर घर : घ्यावे की नाही?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र, त्यासोबतचा तपासणी अहवाल आणि विक्रेत्याने घराची माहिती जाहीर करणारे डिस्क्लोजर पॅकेट मी दोनदा वाचले. इतर वाचकांसाठी प्रश्न थोडक्यात मांडतो. कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथील १९६० सालचे, चार खोल्यांचे, मध्यभागी उघडे अंगण असलेले आयक्लर घर (जोसेफ आयक्लर यांच्या कंपनीने बांधलेल्या घरांपैकी एक) १८ लाख डॉलरना विक्रीस आहे. त्याच परिसरात त्याच आकाराचे साधे घर साडेसोळा लाखांना मिळते. तुम्ही दोघेही सॉफ्टवेअर क्षेत्रात आहात, एकत्रित वार्षिक उत्पन्न ४ लाख २० हजार डॉलर आहे, मुले नऊ आणि पाच वर्षांची आहेत आणि सध्याचे भाडे महिन्याला साडेचार हजार आहे. शिल्लक अशी : रोख आणि इंडेक्स फंड मिळून २ लाख ७० हजार, कंपनीचे हाती आलेले शेअर २ लाख २० हजार, निवृत्तीसाठीच्या ४०१(के) खात्यात ५ लाख १० हजार, शिवाय पुण्यात भाड्याने दिलेला एक फ्लॅट. घर तुम्हा दोघांना मनापासून आवडले आहे, हे पत्राच्या पहिल्याच परिच्छेदात कळते, आणि मी ती गोष्ट दुय्यम मानत नाही.

माझे मत आधीच सांगतो. १८ लाखांना, आजच्या शिलकीवर, हे घर घेऊ नये. १७ लाखांपर्यंत, घर गरम ठेवणाऱ्या जमिनीतील नळ्यांची चाचणी नीट आली आणि पुण्याच्या फ्लॅटचे पैसे हाती आले, तर घ्यायला माझी हरकत नाही. या दोन वाक्यांमधले अंतर कशाने भरते, ते पुढे लिहितो.

जोसेफ आयक्लर यांच्या कंपनीने १९४९ ते १९६६ या काळात कॅलिफोर्नियात सुमारे ११ हजार घरे बांधली. खांब आणि तुळयांची उघडी रचना, जमिनीपासून छतापर्यंत काच, सपाट किंवा अगदी कमी उताराचे छप्पर आणि काँक्रीटच्या तळात पुरलेल्या नळ्यांतून खेळणाऱ्या गरम पाण्याची उष्णता, ही त्यांची ओळख. ज्या गोष्टींसाठी माणूस हे घर घेतो, नेमक्या त्याच गोष्टी साठ-पासष्ट वर्षांनी खर्चाला येतात. साध्या घरात छप्पर आणि सौंदर्य या वेगळ्या बाबी असतात, येथे त्या एकच आहेत.

सर्वांत आधी जमिनीतील नळ्या. तुमच्या अहवालात ‘बॉयलर चालू स्थितीत आहे’ असे लिहिले आहे आणि तेवढ्यावर तुम्ही निश्चिंत झाला आहात. त्या वाक्याने फक्त बॉयलरबद्दल कळते. नळ्या गळत असल्या तरी बॉयलर चालूच राहतो, कारण गळालेल्या पाण्याची जागा नव्या पाण्याने आपोआप भरली जाते. खरी चाचणी वेगळी आहे : नळ्यांचे जाळे बॉयलरपासून आणि पाणीपुरवठ्यापासून वेगळे करायचे, त्यात दाब भरायचा आणि दाबमापकाचा काटा काही तास जागेवर राहतो का, ते पाहायचे. काटा उतरला, तर गळती आहे. जोडीला उष्णता टिपणारा कॅमेरा फिरवला की जमिनीच्या कोणत्या भागात नळ्या बंद पडल्या आहेत, तेही दिसते. काही घरांत तांब्याच्या तर काही घरांत पोलादाच्या नळ्या आहेत, आणि पोलाद आतून गंजते. तुमच्या घरात कोणत्या आहेत, हे अहवालात नाही. गळती सापडली तर काँक्रीट फोडून ती दुरुस्त करता येते, मात्र एक गळती बुजवल्यावर दुसरी उघडी पडण्याचा धोका राहतो. म्हणून अनेक मालक शेवटी ती व्यवस्था सोडून भिंतीवरचे हीट पंप (एसीसारखी, पण खोली गरमही करणारी यंत्रे) बसवतात. त्यासाठी ठेकेदाराने तुम्हाला ३५ हजारांचा आकडा दिला आहे. माळा नाही आणि जमिनीखाली पोकळीही नाही, त्यामुळे हवेचे डक्ट लपवायला जागा नसते, हे लक्षात घेता तो आकडा मला अवाजवी वाटत नाही.

छपराचे गणित याहून सोपे आहे आणि तातडीचेही. आत दिसणाऱ्या लाकडी फळ्या हेच छत आणि त्याच फळ्यांवर बाहेरचे आवरण. मध्ये पोकळी नसल्यामुळे उष्णतारोधन जे काही आहे ते वरूनच, म्हणजे फवारलेल्या फोमचे. या फोमला उन्हापासून वाचवणारा लेप दर दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा द्यावा लागतो. पॅकेटनुसार फोम २००६ सालचा आहे आणि लेप दिल्याची एकही पावती नाही. नव्या छपराचे ४२ हजार हा ‘कधीतरी’चा खर्च नव्हे, तो पहिल्या पावसाळी हिवाळ्याआधीचा खर्च आहे, आणि किमतीच्या बोलणीत तो पहिल्यांदा मांडावा.

काचांना तुम्ही ६० हजार धरले आहेत. ते काम काही वर्षे पुढे ढकलता येईल, एक अपवाद सोडून. जमिनीलगतच्या आणि दारांच्या मोठ्या काचा जुन्या साध्या काचेच्या असतील तर त्या फुटल्यावर धारदार तुकडे होतात, आणि घरात पाच वर्षांचे मूल आहे. तेवढ्या काचा आधी बदलाव्यात. विजेच्या पॅनेलचे ८ हजार तर टाळताच येणार नाहीत, कारण त्या काळातील काही पॅनेल पाहून विमा कंपन्या पॉलिसी देण्यास सरळ नकार देतात.

आता दरमहाचा हिशेब. १८ लाखांवर २० टक्के डाउन पेमेंट, ३० वर्षे आणि बँकेने कळवलेला साडेसहा टक्के दर धरला तर हप्ता सुमारे ९,१०० येतो. प्रॉपर्टी टॅक्स १,८०० आणि विमा ४०० मिळवून ११,३०० होतात. हातात येणारा पगार २०,४०० असताना हे प्रमाण ५५ टक्क्यांवर जाते. तुम्ही पत्रात टॅक्ससाठी महिन्याला २७५ धरले आहेत. तो आकडा विक्रेत्याच्या बिलावरून आला आहे आणि तो तुमच्या कामाचा नाही. १९७८ च्या प्रपोझिशन १३ या कॅलिफोर्नियाच्या कायद्यामुळे करासाठीचे मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढू शकत नाही. विक्रेत्याने घर १९७९ मध्ये घेतले म्हणून तो आज वर्षाला सव्वातीन हजार भरतो. मालकी बदलली की मूल्य खरेदीच्या किमतीवर येते आणि तुमचे वार्षिक बिल साडेएकवीस हजारांच्या घरात जाते. शिवाय फरकाचे एक पुरवणी बिल काही महिन्यांनी वेगळे येते. ते सहसा बँकेच्या एस्क्रो खात्यातून (टॅक्स आणि विम्यासाठी बँक हप्त्यासोबत पैसे जमा करते ते खाते) भरले जात नाही आणि नव्या मालकाला हमखास गोंधळात टाकते.

करसवलतीबाबतही तुमचा अंदाज थोडा उदार आहे. संघीय करात साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जावरचेच व्याज वजा होते, म्हणजे तुमच्या १४ लाख ४० हजारांच्या कर्जावरील व्याजापैकी निम्म्याहून थोडे अधिक. राज्य आणि स्थानिक करांची वजावट सध्या ४० हजारांच्या आसपास मर्यादित आहे, त्यातले सुमारे ३० हजार तुमच्या राज्याच्या आयकरानेच संपतात, आणि २०३० मध्ये ती मर्यादा १० हजारांवर परत येणार आहे. कॅलिफोर्नियाच्या करात १० लाखांच्या कर्जापर्यंत व्याज वजा होते, हा दिलासा. सगळे मिळून मी महिन्याला दीड हजारांहून अधिक बचत धरणार नाही.

‘ऐतिहासिक घर म्हणून मिल्स ॲक्टखाली टॅक्स कमी होईल’ हे एजंटचे वाक्य हिशेबातून काढून टाका. ती सवलत फक्त पात्र ठरलेल्या वारसा वास्तूंना, स्थानिक प्रशासनाची तयारी असेल तरच, किमान दहा वर्षांच्या आणि दरवर्षी आपोआप वाढणाऱ्या करारावर मिळते, आणि त्या करारात जतनाची बंधने मालकावर येतात. मिळाली तर आनंदच, पण तिच्या भरवशावर कर्ज घेऊ नये.

साध्या घरापेक्षा तुम्ही दीड लाख जास्त देत आहात. त्याचा दरमहाचा अर्थ काढला तर हप्ता आणि टॅक्स मिळून सुमारे ९०० डॉलर, आणि सुरुवातीला ३० हजार रोख जास्त. अंगणातून घरात येणाऱ्या प्रकाशासाठी, उघड्या तुळयांसाठी, महिन्याला ९०० डॉलर खर्च करावेसे वाटतात का? वाटत असतील तर तो खर्च चैनीचा म्हणून मान्य करावा आणि निःशंक मनाने करावा. त्याला ‘गुंतवणूक’ म्हणू नये, एवढाच माझा आग्रह आहे. या शैलीच्या घरांना मागणी आहे हे खरे, पण नावाला आलेला भाव हुकमी नसतो. रिचर्ड नॉयट्रा यांनी १९४६ मध्ये बांधलेले पाम स्प्रिंग्जचे कॉफमन हाउस या शैलीतील जगप्रसिद्ध घर आहे. मे २००८ मध्ये लिलावात त्यावर दीड कोटी डॉलरची बोली लागली आणि नंतर तो व्यवहारच मोडला. तुमच्यापुढे याचेच छोटे रूप अप्रेझलच्या वेळी येऊ शकते. बँकेचा मूल्यांकनकर्ता आसपासच्या अलीकडच्या विक्री पाहतो. त्यात आयक्लर घरे पुरेशी नसतील तर तो साध्या घरांकडे वळतो, आणि मूल्यांकन साडेसोळा-सतरा लाखांवर थांबले तर वरची रक्कम तुम्हाला रोख भरावी लागते. म्हणूनच अप्रेझल आणि तपासणी या दोन्ही काँटिन्जन्सी (निकाल प्रतिकूल आला तर माघार घेण्याची मुभा देणाऱ्या अटी) सोडून बोली लावण्याचा एजंटचा सल्ला मी या घरासाठी साफ अमान्य करतो.

पैसे कोठून आणायचे, याबद्दलची तुमची अर्धी योजना मला पटते. कंपनीचे शेअर विकून डाउन पेमेंट करा. पगार आणि बचत दोन्ही एकाच कंपनीवर अवलंबून असणे तसेही बरे नाही. ४०१(के) मधून ५० हजारांचे कर्ज मात्र काढू नका. नोकरी सुटली तर उरलेली रक्कम त्या वर्षाच्या रिटर्नच्या मुदतीपर्यंत भरावी लागते, नाहीतर तिच्यावर कर आणि वर संघीय १० टक्के व राज्याचा अडीच टक्के दंड लागतो. आणि तुम्ही दोघेही एच-१बी व्हिसावर आहात. नोकरी गेल्यावर देशात राहायला जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत असते. त्या दोन महिन्यांत घर विकण्याची वेळ आली तर विक्रीचा खर्चच किमतीच्या सहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे लाखभर डॉलर जाईल. तेव्हा क्लोजिंगनंतर, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण झाल्यावर, सहा महिन्यांचा खर्च, तुमच्या बाबतीत सुमारे १ लाख, हाताशी असलाच पाहिजे.

१७ लाखांना घर मिळाले असे धरू. ४ लाख ९० हजारांतून डाउन पेमेंटचे ३ लाख ४० हजार, क्लोजिंगचे २५ हजार, छपराचे ४२ आणि पॅनेलचे ८ हजार गेले की ७५ हजार उरतात. पंचवीस हजार कमी पडतात, आणि नळ्या गळक्या निघाल्या तर साठ हजार.

ही तूट पुण्याचा फ्लॅट भरून काढू शकतो, मात्र घाईत नाही. अनिवासी विक्रेत्याच्या बाबतीत खरेदीदाराला टीडीएस कापावा लागतो आणि कमी दराचे प्रमाणपत्र आयकर विभागाकडून आधी घेतले नसेल तर तो व्यवहारात नफ्यावर न कापता पूर्ण किमतीवर कापला जातो. तुमच्या १ कोटी ४० लाखांच्या फ्लॅटवर जवळपास २० लाख रुपये अडकतील, जेव्हा ८० लाखांच्या नफ्यावर प्रत्यक्ष कर साधारण साडेअकरा लाखच आहे. उरलेला परतावा मिळेपर्यंत तुमचे पैसे तिकडेच. विक्रीची रक्कम एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचे भारतातील उत्पन्न जमा होणारे खाते) वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येते, त्यामुळे मर्यादेची अडचण नाही. अमेरिकेतही हा नफा रिटर्नमध्ये दाखवावा लागेल, पण भारतात भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. हाती साधारण १ लाख ४० हजार डॉलर यावेत.

आईवडिलांसाठी पुढे वरचा मजला चढवण्याचा विचार मात्र आताच सोडून द्या. पालो अल्टो आणि सनीव्हेलमधील काही आयक्लर वस्त्यांत एकमजली बांधकामाचेच बंधन आहे. तुमच्या गल्लीचा नियम शहराच्या नियोजन विभागात विचारून घ्यावा, पण नियम नसला तरी ही हलकी रचना दुसऱ्या मजल्यासाठी बांधलेली नाही. मागच्या आवारात स्वतंत्र खोली बांधणे राज्याच्या कायद्याने आता बरेच सोपे झाले आहे. काचेच्या भिंतीतून दिसणाऱ्या ज्या बागेसाठी तुम्ही दीड लाख जास्त मोजणार, तिच्यातच ती खोली उभी राहील, हे मात्र आधी डोळ्यांसमोर आणा.

भूकंपाचा विमा नेहमीच्या पॉलिसीत नसतो आणि वेगळा घेतला तरी त्याची वजावट, म्हणजे नुकसानीतला स्वतः सोसायचा भाग, घराच्या विमा रकमेच्या ५ ते २५ टक्के असते. इतकी काच आणि इतक्या कमी भिंती असलेल्या घरासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअरचे मत घेण्याचे काही शे डॉलर वाचवू नयेत. विम्याचा लेखी कोट काँटिन्जन्सीची मुदत संपण्याआधी हाती असावा, तोंडी नव्हे.

मंगळवारी बोलीची मुदत संपते असे तुम्ही लिहिले आहे. त्याआधी एजंटमार्फत नळ्यांच्या दाबचाचणीची परवानगी मागा. विक्रेत्याने ती नाकारली तर बोली लावू नका. दिली आणि काटा स्थिर राहिला, तर १७ लाखांची बोली दोन्ही काँटिन्जन्सीसह लावा, क्लोजिंगसाठी शक्य तितकी लांबची तारीख मागा आणि त्याच दिवशी पुण्यातील सीएला टीडीएसच्या प्रमाणपत्राचा अर्ज करायला सांगा. फ्लॅटचे पैसे त्या तारखेपर्यंत येणार नाहीत असे दिसले, तर काँटिन्जन्सीची मुदत असेतो माघार घ्या. बोली नाकारली गेली, तरी फ्लॅटच्या विक्रीचे काम थांबवू नका, म्हणजे पुढचे आयक्लर बाजारात येईल तेव्हा तुमची रक्कम तयार असेल.