सहारात गुरे आधी आली, शेती नंतर

आपला प्रश्न असा आहे की, सहारासारख्या वाळवंटात प्रागैतिहासिक माणसे गुरे पाळू तरी कशी शकली, आणि त्याआधी ती शेती शिकली असतीलच ना. मुळात त्या काळी तिथे वाळवंट नव्हते. सुमारे ११,००० ते ५,५०० वर्षांपूर्वी, पृथ्वीचा आस संथपणे डोलत असल्यामुळे, उत्तर गोलार्धातला उन्हाळा अधिक तापत असे आणि मोसमी पाऊस आजच्यापेक्षा पुष्कळ उत्तरेपर्यंत पोहोचत असे. लिबियाच्या नैर्ऋत्येला तद्रार्त अकाकस डोंगरात ताकारकोरी नावाचे शैलाश्रय आहे. तिथल्या सर्वांत जुन्या थरांतल्या प्राण्यांच्या अवशेषांत सुमारे नव्वद टक्के मासळी आहे, तीही मागुराच्या जातीची आणि तिलापिया. आज तिथे पाण्याचा टिपूस नाही.

शेतीविषयीचे आपले गृहीतक मात्र अधिक खोलात जाऊन तपासायला हवे. त्याच डोंगरातल्या उआन अफुदा गुहेत, आतल्या अंधाऱ्या भागात, सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या लेंड्यांचा थर सापडला. लेंड्या बार्बरी मेंढीच्या आहेत, म्हणजे पूर्ण रानटी जनावराच्या. त्यांत सापडलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवरून उत्खनन करणाऱ्यांनी असा निष्कर्ष काढला की, शिकारी माणसे ही जनावरे जिवंत पकडून आत कोंडत आणि त्यांना बाहेरून वैरण आणून घालत, जेणेकरून टंचाईच्या दिवसांत मांस हाताशी राहावे. ही मेंढी कधीच माणसाळली नाही. पण जनावरे कोंडायच्या वाडग्याची कल्पना गुरांच्या आधी तिथे रुजली होती, आणि मला हा पुरावा साऱ्या विषयात सर्वांत बोलका वाटतो.

माणसाळलेली गुरे, शेळ्या आणि मेंढ्या त्यानंतर आल्या. ताकारकोरीच्या खापरांत मुरलेल्या चरबीचे रासायनिक विश्लेषण २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि इसवी सनपूर्व पाचव्या सहस्रकात तिथे दूध मडक्यांत तापवले किंवा आटवले जात होते हे सिद्ध झाले. दूध न पचणाऱ्या माणसांनाही दही-तूप सोसते, हे इथे ध्यानात घ्यावे.

ही जनावरे घेऊन नवे लोक येऊन स्थायिक झाले, असे पूर्वी अनेकांचे मत होते. मात्र ताकारकोरीला पुरलेल्या, सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या दोन स्त्रियांचा डीएनए २०२५ मध्ये वाचला गेला, तेव्हा त्यांचा वंश बहुतांशी उत्तर आफ्रिकेतल्याच, दीर्घकाळ अलग राहिलेल्या एका शाखेचा निघाला. अवघ्या दोन व्यक्तींवरून साऱ्या सहाराचा निवाडा करू नये. तरीही पशुपालनाची विद्या हातोहात पसरली, माणसांचे मोठे स्थलांतर झाले नाही, या बाजूला माझा कौल आहे.

आणि शेती? सहाराच्या दक्षिण कडेला, मालीमध्ये, माणसाने पिकवलेल्या बाजरीचा पुरावा इसवी सनपूर्व २५०० च्या सुमाराचा आहे, म्हणजे ताकारकोरीच्या त्या दुधानंतर हजारभर वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरचा. आपल्याकडे भाकरीला लागते ती बाजरीही मूळची त्याच खंडातली.