घरी बार्बेक्यू स्मोकर बनवायला गॅल्वनाइज्ड पत्र्याचा ड्रम चालेल का?

नाही, कोळशाजवळ गॅल्वनाइज्ड पत्रा वापरू नका. साध्या पोलादाचा, आतून अस्तर नसलेला 200 लिटरचा ड्रम घ्या. गॅल्वनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त सुमारे 420 अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याहून बरंच तापलं की पांढरा विषारी धूर सोडतं. वेल्डिंग करणाऱ्यांना याच धुराने थंडीताप येतो, म्हणून आमच्या फॅब्रिकेशनच्या कामात हा थर आधी घासून काढतात. मांस शिजतं 110 ते 130 अंशांवर, पण निखाऱ्यांना लागलेला पत्रा त्याच्या कितीतरी पट तापतो. अपवाद एवढाच की पाय, हँडल असे गरम न होणारे बाहेरचे भाग गॅल्वनाइज्ड असले तरी चालतात.

बाकी सामान:
- जाळी 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलची, निखाऱ्यांपासून साधारण 60 सेंटिमीटर वर
- तळाशी हवा कमीजास्त करता येईल अशी तीन-चार भोकं (सगळा ताबा यांच्यावरच असतो, इथे कंजुषी नको), झाकणात धुराला वाट
- रंग फक्त बाहेरून, तोही उष्णतारोधक

ड्रममध्ये पूर्वी रसायन भरलेलं असेल तर तो घेऊच नका, कितीही धुतला तरी.