क्षयाची औषधे आधी की एचआयव्हीची?

प्रश्न : माझ्या धाकट्या भावाला फुप्फुसाचा क्षय झाला असून त्याच वेळच्या रक्ततपासणीत एचआयव्हीची बाधाही आढळली. क्षयाच्या गोळ्या चालू झाल्या आहेत आणि पंधरवड्याच्या आत एचआयव्हीच्याही चालू करू, असे डॉक्टर सांगतात. घरातली थोरली मंडळी म्हणतात की एवढ्या औषधांची उष्णता त्याला सोसणार नाही, आधी क्षयाचा कोर्स पुरा होऊ द्या. या बाबतीतले संशोधन आफ्रिकेत झाल्याचे वाचले. ते आपल्याकडे लागू पडते का?
– एक वाचक, राधानगरी तालुका

उत्तर : घरातल्या थोरल्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येणार नाही, कारण एकेकाळी डॉक्टरांनाही हाच पेच पडत असे. दोन्ही उपचार एकत्र दिले तर गोळ्यांची संख्या वाढते, यकृतावर ताण येतो आणि कोणत्या औषधाने त्रास झाला हे ओळखणे अवघड जाते. या पेचाचे ठोस उत्तर दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे सलीम अब्दुल करीम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६४२ रुग्णांवर केलेल्या अभ्यासातून मिळाले. तो २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. क्षयाचा कोर्स चालू असतानाच ज्यांना एचआयव्हीची औषधे दिली, त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण कोर्स संपेपर्यंत थांबवलेल्यांपेक्षा ५६ टक्क्यांनी कमी होते. थांबवलेल्या गटातील मृत्यू पाहून अभ्यासाचा तो भाग मुदतीआधीच बंद करण्यात आला. म्हणून आपल्या भावाच्या बाबतीत डॉक्टरांचेच ऐकावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात मात्र एचआयव्हीची औषधे काही आठवडे मुद्दाम उशिरा सुरू करतात. आपल्या पत्रातील वर्णनावरून तो प्रश्न येथे दिसत नाही.

दोन गोष्टींची घरच्यांना आधीच कल्पना द्यावी. एचआयव्हीची औषधे सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप उलटू शकतो, मानेतील गाठी सुजू शकतात, खोकला वाढल्यासारखा वाटू शकतो. प्रतिकारशक्ती पुन्हा जागी होऊन दडलेल्या जंतूंवर तुटून पडते, त्याचा हा परिणाम बहुधा असतो. औषध मानवत नाही असे समजून गोळ्या घरीच बंद न करता लगेच डॉक्टरांना दाखवावे. दुसरे असे की, क्षयावरील रिफॅम्पिसिनमुळे डॉल्युटेग्रॅव्हिर या एचआयव्हीच्या औषधाचे रक्तातील प्रमाण घटते. म्हणून इतरांना दिवसाला जी ५० मिलिग्रॅमची एकच गोळी पुरते, ती आपल्या भावाला सकाळ-संध्याकाळ घ्यावी लागण्याची शक्यता आहे. संध्याकाळची गोळी जास्तीची समजून टाळू नये.

आफ्रिकेतील संशोधन इकडे लागू पडते का, या प्रश्नाचे उत्तर माणसाचे शरीर सर्वत्र सारखे, एवढ्यावर संपत नाही. आमच्या मते त्या संशोधनाचे खरे मोल असे, की त्याने रुग्णाच्या एसटी भाड्याचा आणि बुडालेल्या हजेरीचाही हिशेब मांडला. युगांडातील जिंजा येथे प्रशिक्षित कार्यकर्ते मोटारसायकलवरून दर महिन्याला घरपोच औषधे देत आणि प्रकृतीची विचारपूस करीत. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या तुलनेत घरपोच सेवा दवाखान्यातील सेवेपेक्षा कमी पडली नाही, आणि रुग्णांचा खर्च मात्र बराच वाचला. मोझांबिकमधील तेते प्रांतात तर रुग्णांनीच सहा-सहा जणांपर्यंतचे गट केले. दर महिन्याला पाळीपाळीने एक जण केंद्रावर जाई, स्वतःची तपासणी करून घेई आणि सर्वांची औषधे घेऊन येई.

राधानगरीच्या वाड्यावस्त्यांवरून कोल्हापुरात येणाऱ्यांना हा हिशेब समजावून सांगण्याची गरज नाही. भावाची प्रकृती स्थिरावली की जवळच्या सरकारी रुग्णालयातून गोळ्या मिळण्याची आणि एका खेपेस जास्त दिवसांचा साठा देण्याची सोय होईल का, हे एआरटी केंद्रातील, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या केंद्रातील, समुपदेशकांना जरूर विचारावे. गावात बोभाटा होईल या भीतीने जवळचे केंद्र टाळू नये. रुग्णाच्या संमतीवाचून एचआयव्हीची माहिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. आपल्या भावजयीची तपासणी झाली नसेल तर तीही याच खेपेस, तिच्या संमतीने, करून घ्यावी. घरात पाच वर्षांखालील मूल असेल, तर त्याला क्षयप्रतिबंधक औषध द्यायचे का, हेही त्याच वेळी विचारावे.