वाचकांचे प्रश्न : आवा, संबळ आणि लालबुंद मडकं

या महिन्याचे सगळे प्रश्न एकाच विषयावरचे घेतले आहेत : लोकांसमोर माती भाजायची आणि त्या आगीभोवती वाजवायचं-गायचं. मराठवाड्यात दिवटी आणि संबळ एकत्र नांदतातच. त्यात कुंभाराची भट्टी, म्हणजे आवा, आली की हिशेब बदलतो, कारण भट्टी वादकाचं ऐकत नाही.

अंबाजोगाईच्या एका नाट्यमंडळाचा प्रश्न : दीड तासाच्या गोंधळाच्या प्रयोगात शेवटच्या पदाला लालभडक मडकं भट्टीतून बाहेर काढायचं आहे. तालमीत एकदा पद संपलं तरी मडकं तयार नव्हतं. दुसऱ्यांदा चिमट्यातच त्याचे दोन तुकडे झाले. काय चुकतंय?

लालबुंद भांडं चिमट्याने थेट भट्टीतून बाहेर काढायची तुमची ही रीत म्हणजे राकू पद्धत. ती जपानमध्ये सोळाव्या शतकात चहाच्या वाडग्यांसाठी सुरू झाली. तापलेलं भांडं भुशात कोंडून धुरावायची रीत मात्र १९६० च्या सुमारास अमेरिकेत पॉल सोल्डनर यांच्या प्रयोगांतून आली. लोकांना पाहायला आवडतो तो हाच दुसरा भाग.

आधी वेळेचं बघू. २०० लिटरचा तेलाचा ड्रम, आतून २५ मिलिमीटर जाडीच्या सिरॅमिक फायबर ब्लँकेटचे (उष्णता अडवणाऱ्या तंतूंच्या गादीचे) दोन थर, एक गॅस बर्नर आणि १९ किलोचं व्यावसायिक सिलिंडर, एवढ्यावर ९५० ते १००० अंश सेल्सिअस गाठायला पाऊण ते एक तास लागतो. वारा, सिलिंडरमधला उरलेला गॅस आणि आत ठेवलेली भांडी यांमुळे त्यात दहा-पंधरा मिनिटांचा फरक सहज पडतो. म्हणून ठरावीक लांबीचं पद भट्टीला बांधूच नका. शेवटच्या पदाला हवी तेवढी आवर्तनं वाढवता येतील अशी जागा ठेवा आणि इशारा भट्टीवाल्याच्या हातात द्या. भट्टीच्या भोकातून ग्लेझ, म्हणजे भांड्यावरचा काचेसारखा लेप, तीन अवस्थांत दिसतं : आधी कोरडं आणि खडबडीत, मग फेसासारखं बुडबुड्यांचं, शेवटी ओल्या काचेसारखं सपाट. बुडबुडे दिसले की एक बोट वर, बुडबुडे बसायला लागले की दोन, सपाट झालं की मूठ. संबळवाल्याने लय त्यावर चढवायची.

डिसेंबरच्या थंड रात्री वेळ लांबण्याचं आणखी एक कारण असतं. गॅस जोरात ओढला की सिलिंडर गार पडतं, बाहेरून घाम येतो, क्वचित बर्फ धरतो आणि दाब उतरतो. अशा वेळी दोन सिलिंडर जोडून घ्यावेत. सिलिंडरखाली शेकोटी करणारे लोक आहेत, ते कदापि करू नका. एका तासाला साधारण दोन-तीन किलो गॅस जातो, हे धरून भरलेलंच सिलिंडर लावा.

आता तुकडे. मडकं आधी ९०० ते ९५० अंशांवर एकदा भाजून घेतलेलं असायलाच हवं. बूड जाड आणि कड पातळ असेल तर दोन्ही भाग वेगवेगळ्या वेगाने गार होतात आणि मधल्या रेषेवर ताण येतो. सगळीकडे सहा ते आठ मिलिमीटर जाडी ठेवा. बूड आणि भिंत जिथे भेटतात तिथे कोपरा काढू नका, गोलाई द्या. चिमट्याची टोकं आधी भट्टीच्या तोंडाशी मिनिटभर तापवा, कारण थंड लोखंड टेकतं तिथूनच चीर सुरू होते. मातीत २५ ते ३० टक्के ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा चुरा, नसेल तर बाकी सगळी काळजी वाया जाते.

साध्या पारदर्शक ग्लेझसाठी शिसं नसलेलं बोरॅक्स फ्रिट (टाकणखार घालून वितळवलेल्या काचेची पूड) ८० भाग आणि चायना क्ले २० भाग पुरतात. थर एक ते दीड मिलिमीटरचा. पावडर कालवताना आणि फायबरचं ब्लँकेट कापताना एन-९५ मास्क घाला. हे भांडं पाणी झिरपू देतं, त्यामुळे प्रयोगानंतर कोणी पाणी प्यायला मागितलं तर देऊ नका.

सगळ्यात मोलाची जागा मात्र तुमच्या पत्रात आलेलीच नाही. बर्नर घोंघावत असतो, त्यात तुणतुणं बुडून जातं. भट्टी उघडण्याआधी बर्नर बंद करावाच लागतो, आणि त्या क्षणी अंगणभर एकदम शांतता पसरते. तेव्हा संबळही थांबवा. मडकं हवेत धरलं की ग्लेझ मातीपेक्षा जास्त आकसतं, त्याला बारीक तडे जातात आणि प्रत्येक तड्याबरोबर टिण्, टिण् असा आवाज येतो. वीस ते तीस सेकंद एवढंच चालतं. दीड मीटरवर माइक ठेवा आणि लोकांना ते ऐकू द्या. मग मडकं कोरडा लाकडी भुसा किंवा कडुनिंबाचा वाळला पाला असलेल्या डब्यात टाका, झाकण लावा, आणि तिथून पुढे संबळ हवा तेवढा वाजू दे. पंधरा मिनिटं झाकण उचलू नका. लवकर उचललं तर हवा आत शिरते आणि भपकन जाळ तोंडावर येतो. हे सारं अंधार पडल्यावरच करा. उन्हात लालबुंद मडकंही विटकरी दिसतं.

परभणीहून एका शेतकरी वाचकाचा प्रश्न : आमची काळी माती चिकट आणि चांगली आहे. तिचीच भांडी करून अशा प्रयोगात वापरली तर?

नुसती काळी माती नको. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज भरपूर असतं. पावसाळ्यात माती फुगते आणि उन्हाळ्यात शेताला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या त्याच्यामुळेच. भांडं वाळतानाही तेच होतं. दुसरा शत्रू चुनखडी. आपल्या जमिनीत पांढरे खडे असतात. ते साधारण ८५० अंशांच्या पुढे भाजले की कळीचा चुना होतात, भाजल्यानंतर हवेतली ओल पितात, फुगतात आणि भांड्यावरून कवडीएवढी ढलपी उडवतात. कधी दुसऱ्या दिवशी, कधी पंधरवड्याने. वाळल्या मातीवर लिंबाचा रस टाका. फसफसली तर चुनखडी आहे.

तुमच्या गावचा कुंभार कोणत्या तळ्याचा गाळ आणतो ते विचारा आणि त्याच गाळापासून सुरुवात करा. तो भिजवून ६० नंबरच्या चाळणीतून गाळून घ्या, दर तीन भागांना एक भाग जुन्या कौलांचा चुरा घाला. तो मात्र जाडसर हवा, साखरेच्या दाण्याएवढा. चिकटपणा कमी पडला तरच दहावा हिस्सा काळी माती मिसळा. मग १२ सेंटिमीटरची पट्टी करून तिच्यावर बरोबर १० सेंटिमीटरवर दोन खुणा मारा. वाळल्यावर आणि भाजल्यावर मोजा. नऊ सेंटिमीटर उरले तर आकसणं दहा टक्के. हा आकडा वहीत लिहून ठेवा, पुढच्या प्रश्नात तो लागणार आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयातल्या सातवाहनकाळच्या मृण्मूर्ती एकदा जाऊन पाहा. या भागातली माती नीट निवडली, नीट भाजली तर किती टिकते याचा तो पुरावा आहे.

छत्रपती संभाजीनगरहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न : आग फक्त दिसतेच. तिच्यातूनच स्वर काढता येईल का?

येतो, आणि मातीच्या नळीतून येतो. डच शास्त्रज्ञ पीटर रायके यांनी १८५९ मध्ये वर्णन केलेली रचना अशी : दोन्ही टोकं उघडी असलेली उभी नळी, खालच्या टोकापासून पाव लांबीवर धातूची जाळी. जाळी लाल होईपर्यंत खालून ज्योत धरायची, मग ज्योत काढून घ्यायची. गरम हवा वर चढते, तिच्या ये-जा करणाऱ्या लाटांना जाळी बरोबर योग्य वेळी उष्णता देते आणि नळी गाऊ लागते. काही सेकंद टिकतं, पण आवाज खणखणीत असतो. नळी आडवी केली की हवेचा प्रवाह थांबतो आणि स्वर गप्प होतो. पुन्हा उभी केली, जाळी अजून गरम असली, तर परत सुरू. नाचणाऱ्याच्या हातात हे किती बोलकं होईल पाहा!

हिशेब सोपा आहे. ६० सेंटिमीटर लांब आणि ५ सेंटिमीटर आतल्या व्यासाची नळी ३० अंशांच्या हवेत साधारण २७७ हर्ट्झ देते, म्हणजे काळी एक. पण आतली हवा तापली की अर्धा स्वर सहज चढतो. म्हणून षड्जाची नळी ६५ सेंटिमीटर ठेवा, पंचमाची सुमारे ४२. भाजून झाल्यावर टोक घासून जुळवा. घासून लांबी कमीच करता येते, वाढवता येत नाही. आकसणं दहा टक्के असेल तर ६५ साठी ओली नळी ७२ सेंटिमीटरची लाटावी लागेल.

पीव्हीसी पाइपवर वर्तमानपत्राचे तीन-चार वेढे घ्या, त्यावर आठ मिलिमीटर जाडीची मातीची पोळी गुंडाळा, सांधा खरवडून पातळ चिखलाने चिकटवा. माती चामड्याइतकी घट्ट झाली की लगेच पाइप ओढून काढा. राहू दिलात तर माती पाइपवर आवळते आणि उभी तडकते. जाळी स्टेनलेस स्टीलची, दोन पदरी. ती भिंतीला चिकटवू नका. आत मातीची तीन छोटी बोंडं ठेवून त्यांवर टेकवा, नाहीतर त्याच कड्यावर नळी फुटेल. पहिल्या वेळी ज्योत दुरून, हळूहळू जवळ आणा. १८७० च्या दशकात कास्टनर या संशोधकाने हायड्रोजनच्या ज्योती काचेच्या नळ्यांत लावून अख्खं वाद्य केलं होतं. तुम्ही हायड्रोजनच्या वाटेला जाऊ नका, गॅसची साधी मशाल पुरते.

नांदेडहून : माणसाएवढी मूर्ती लोकांसमोर भाजता येते का?

येते. डेन्मार्कच्या नीना होल यांच्या कामांत शिल्पच भट्टी असायचं : खाली चूल, पोकळ भिंतींतून वर जाणारा जाळ, बाहेरून फायबरचं ब्लँकेट. रात्री ब्लँकेट काढलं की आख्खं शिल्प निखाऱ्यासारखं उभं. पण पहिल्यांदा मीटरभर उंचीचंच करा. काही आठवडे सावलीत वाळवा. जाळ लावल्यावर पहिले बारा तास २०० अंशांच्या खाली राहा, घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ भिंत फोडून बाहेर येते. सुरुवातीला तुराट्यांसारखं हलकं जळण नको. ते भडकून जातं, मंद राहत नाही. जाड लाकूड घ्या, तुराट्या शेवटच्या चढाईसाठी राखा. एकूण चोवीस तासांच्या वर काम जातं, म्हणून रात्रभराचा गोंधळ याच्याशी जितका जुळतो तितका दोन तासांचा जलसा जुळत नाही.

तुळजापूरहून एका वादकाचा प्रश्न : भट्टीजवळ संबळ चढतो, नंतर उतरतो. उपाय?

कातडं कोरड्या उष्णतेने आवळतं, दवाने सैल पडतं. हलगीवाले शेकून घेतात ते यासाठीच. वादकाला भट्टीपासून दहा मीटर आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला बसवा. अर्धा तास आधी तिथेच वाद्य ठेवून मग सूर लावा, घरून लावून आणू नका. रात्री दव पडत असेल तर निखाऱ्यांची छोटी शेगडी जवळ असू द्या, हातभर अंतरावर.

धाराशिवहून : दिवटीचा जाळ मोठा दिसावा म्हणून रॉकेल ओतावं का? तोंडातून फवारा मारणारी मुलंही आहेत.

दोन्ही नको. पेटत्या दिवटीवर ओतलेलं रॉकेल धारेवरून चढत हातातल्या बाटलीपर्यंत येतं. दिवटीला खाद्यतेलच घाला आणि तेही जाळ खाली बसल्यावर, बुधलीने, थोडं थोडं. तोंडात घेतलेल्या रॉकेलचे काही थेंब श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तरी जिवावर बेततं, तेव्हा मुलांना ते करू देऊ नका. अंगावर सुती कपडे, पायात बंद जोडे, मोकळे केस आणि ओढण्या बांधलेल्या. प्रेक्षकांची दोरी सहा मीटरवर. २०० लिटर पाणी, वाळूच्या चार बादल्या आणि एक अग्निशामक नळकांडं हाताशी. कडब्याची गंजी दिसत असेल तर ती वाऱ्याच्या खालच्या अंगाला नाही ना, हे आधी पाहा. असेल तर जागा बदला.