सर्बियात मुलाचं नाव ‘वूक’, म्हणजे लांडगा, का ठेवतात?

ऑफिसातल्या वूकच्या नावाचा अर्थ कळल्यावर तुम्हाला हसू आलं आणि ‘पोटच्या पोराला लांडगा कोण म्हणतं?’ असं तुम्ही विचारलंय. ज्या आईची आधीची पोरं दगावलीत, ती म्हणते.

सर्बियन कोशकार वूक कराजिच यांचंच बघा. जन्म १७८७, गाव त्रशिच. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती. १८१८ साली व्हिएन्नात छापलेल्या आपल्या कोशात ‘चेटकीण’ या शब्दाखाली त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय की, पोरं खाणारी चेटकीण लांडग्याच्या वाटेला जात नाही असं लोक मानतात, म्हणून मूल जगत नसलं की वूक नाव ठेवतात, आणि माझंही तसंच ठेवलं.

माझ्या वडिलांचं नाव केरबा. आजीची तीन पोरं गेली होती. चौथ्याला बाराव्या दिवशी सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, शेजारणीनं उचललं, आणि आजीनं पसाभर जोंधळे देऊन आपलंच पोर परत विकत घेतलं. टाकलेल्या केराला कुणाची नजर लागणार? केरबा अठ्ठ्याहत्तर वर्षं जगले.

शाळेत हजेरी घेताना पूर्ण नाव पुकारलं की पोरं ‘केर काढ रे’ म्हणायची. दादानं ते मनावर घेतलं. नोकरी लागल्यावर गॅझेटमधून वडिलांचं नाव ‘किरण’ करून घेतलं, वडील जिवंत असताना. वर मला म्हणाला, ‘साताऱ्यात २०११ साली नकुशींची नावं बदललीच ना?’ बदलली, आणि बदलायलाच हवी होती. ती पोरगी नको होती म्हणून नकुशी. केरबा हवा होता म्हणून केरबा. हा फरक दादाला आजवर कळलेला नाही.

शब्दाचं म्हणाल तर वूक आपल्याला परका नाही. संस्कृतातला ‘वृक’ तोच, भीमाच्या ‘वृकोदर’ नावातला. रशियनमध्ये वोल्क, चेकमध्ये व्ल्क. सर्बियनमध्ये मधल्या ‘ल’चा ‘ऊ’ झाला. वुकाशिन, वुकोसावा ही नावंही त्यातलीच.

आता, प्रत्येक वूकमागे मेलेली भावंडं असतात असं नाही. चौदाव्या शतकात वूक ब्रांकोविच नावाचा सरदार होता. नाव जुनं आहे, आणि आज कित्येक जण लांडग्याच्या ताकदीसाठीच ठेवतात. तुमच्या सहकाऱ्याचं कशासाठी ठेवलं ते त्यालाच विचारा, पण हसू नका. आणि तुमच्या घरात कुणी दगडू, धोंडू, भिकाजी असेल तर पत्रिकेत ते नाव पूर्ण छापा.

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारस लावताना दादाचे कागद जुळेनात. उताऱ्यावर केरबा, याच्याकडे किरण. शेवटी स्टँप पेपरवर ‘केरबा व किरण ही एकाच व्यक्तीची नावे आहेत’ असं त्याला स्वतः लिहून द्यावं लागलं. त्या कागदाची झेरॉक्स मी जपून ठेवलीय.