यादी नंतर, आधी वही

प्रिय,

होडीवर राहायला जाण्यासाठी केलेली तुझी यादी मिळाली. सोलर पॅनल, खारं पाणी गोडं करणारं यंत्र, सहा महिन्यांचा शिधा. चूक काही नाही, पण सुरुवात उलट्या टोकाकडून केली आहेस. आधी होडी नांगरून महिनाभर तिच्यावर राहा आणि रोज वही लिही. पाणी किती लिटर गेलं, वीज किती अँपिअर-तास (एक अँपिअर तासभर ओढला की एक), गॅस किती दिवस पुरला. काय घ्यायचं ते वहीतून कळेल.

पाण्याचंच बघ. पिण्या-स्वयंपाकाला माणशी रोज ४ लिटर धरले तर दोघांना ३०० लिटर महिनाभर पुरून वर थोडे उरतात. अंघोळ, भांडी समुद्राच्या पाण्यात, शेवटचा एक मग तेवढा गोड्या पाण्याचा. मात्र सगळं एकाच टाकीत भरू नकोस. तिच्यात खारं पाणी शिरलं तर पुढे काय? पाऊस तर फुकटच असतो. एक चौरस मीटर कापडावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चार चौरस मीटरची ताडपत्री ताणलीस आणि १० मिलिमीटर पडला की ४० लिटर. पहिलं पाणी सोडून द्यायचं, कापडावरचं मीठ त्यात निघून जातं. पाणी गोडं करणारं यंत्र घेतलंसच तर त्याच्या मेंब्रेनला, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पडद्याला, क्लोरीन लागू देऊ नकोस. नळाच्या पाण्यानं धुणार असशील तर क्लोरीन काढणारा कार्बन फिल्टर लावूनच.

विजेत खरा खादाड फ्रिज. १२ व्होल्टचा छोटा फ्रिज चालताना ४ अँपिअर ओढत असेल आणि दिवसाचे निम्मे तास चालत असेल, तर ४८ अँपिअर-तास गेले. लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवायची नसते, म्हणजे १०० अँपिअर-तासांची एक बॅटरी रोज त्याच्याच नावावर. मी तो काढूनच टाकला. त्या खणात आता सुटे भाग असतात, आणि ते जास्त उपयोगी पडतात.

सुट्या भागांवरून आठवलं. एका रात्री इंजिन तापलं. इंजिन थंड ठेवायला समुद्राचं पाणी खेचणारा पंप उघडला, तर रबरी इम्पेलरची, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चाकाची, दोन पाती गायब. नवा बसवला, इंजिन तरी तापतंच. तुटलेली पाती पाण्याबरोबर पुढे गेली असणार हे लक्षात यायला तास गेला. एक हीट एक्सचेंजरच्या, म्हणजे इंजिनाची उष्णता समुद्राच्या पाण्याला देणाऱ्या भागाच्या, तोंडाशीच सापडलं. दुसरं काढता काढता उजाडलं. नखाएवढा रबराचा तुकडा, पाइपच्या वळणात आडवा बसलेला. इम्पेलर तीन ठेव, आणि जुना काढलास की पाती मोजल्याशिवाय पंपाचं झाकण लावू नकोस. किनाऱ्याला असतानाच दोन-तीनदा उघडून बसव, एकदा तरी फक्त टॉर्चच्या उजेडात.

बाकीचं थोडक्यात. पुठ्ठ्याची खोकी धक्क्यावरच टाकून ये, त्यांच्या घड्यांत झुरळांची अंडी येतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला की होडीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीची वाट बघतो. सिलिंडरची जागा बाहेर, तळाला भोक असलेल्या पेटीत. तळातून आरपार जाणाऱ्या प्रत्येक नळाच्या व्हॉल्व्हला त्याच मापाची लाकडी खुंटी दोरीनं बांधून ठेव, तो तुटला तर भोक बुजवायला. अंधारात ती शोधत बसायला वेळ मिळत नाही.

यादी मी माझ्याकडेच ठेवतो. महिन्यानं वहीची पानं पाठव, मग त्यातलं काय खोडायचं ते बघू.